पडद्याचा पंचनामा

सरकारी नोकरीतून सेवानिवृत्त झालेल्या माणसाचे पुढे काय करावे, हा प्रश्न त्याच्यापेक्षा त्याच्या घरच्यांना अधिक भेडसावतो, आणि प्रत्येक घर आपापल्या मगदुराप्रमाणे त्यावर तोड काढते. कोणी त्याला सकाळ-संध्याकाळ बागेत पिटाळतात, कोणी गृहसंस्थेच्या चिटणीसपदावर बसवतात, तर कोणी नातवंडांच्या शाळेच्या दाराशी छत्री देऊन उभा करतात. माझ्या बाबतीत ही कामगिरी माझ्या पुतण्याने शिरावर घेतली. मामलेदार कचेरीत एकतीस वर्षे लेखणी झिजवून, आणि त्यांतली शेवटची अकरा अव्वल कारकून या हुद्द्यावर काढून मी पुण्यास स्थायिक झालो, त्याला पुरता महिनाही लोटला नसेल, तोच या चिरंजीवाने मला न विचारता, माझ्या नावाने आणि माझ्याच पैशांनी, मला एका फिल्म सोसायटीच्या चित्रपट-रसास्वाद वर्गात दाखल करून टाकले. पावती माझ्या हातावर ठेवीत तो म्हणाला, "काका, आजवर तुम्ही सिनेमे नुसते बघितलेत. आता ते वाचायला शिका."

सिनेमात वाचण्याजोगा मजकूर म्हणजे आरंभीची नामावली, आणि ती संपेपर्यंत मला अंधारात माझी खुर्ची सापडलेली नसे, एवढाच माझा त्या बाबतीतला अनुभव होता. दिवस मे महिन्याचे असल्यामुळे 'रसास्वाद' हा शब्द ऐकून सौभाग्यवतींचा निराळाच समज झाला, आणि "तिथंच वाढतात की डबा न्यायचा?" अशी त्यांनी पृच्छा केली. तिथे काय वाढतात हे मलाही ठाऊक नव्हते.

सिनेमाशी माझा परिचय काही अल्पस्वल्प नव्हता. आमच्या गावच्या जत्रेत तंबूचा सिनेमा येई, एक रीळ संपले की दिवे लागत, दुसरे चढेपर्यंत शेंगदाणेवाला फिरून जाई, आणि कथानकाचा धागा तुटला म्हणून कोणाचे काही बिघडत नसे. त्या तंबूत मी 'संत तुकाराम' पाहिला. दामले-फत्तेलाल यांचा १९३६ सालचा हा चित्रपट, ज्याचा पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, तो पाहण्यापूर्वी माझ्या आजीने तंबूच्या दाराशी वहाणा काढून ठेवल्या, पडद्यावर विष्णुपंत पागनीस दिसताच हात जोडले, आणि तुकोबा वैकुंठास निघाले तेव्हा ती अशी ओक्साबोक्शी रडली, की शेजारच्या अनोळखी बाईने तिला आपला पदर पुढे केला. परतताना वहाणा मिळाल्या नाहीत, तरी पैसे वसूल झाले नाहीत अशी तिची तक्रार नव्हती. चित्रपटाची जमाबंदी आम्ही अशी ओल्या पदरांवर करीत असू, आणि ती पद्धत वाईट होती असे मला आजही वाटत नाही.

वर्गात पाऊल टाकले तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की, सव्वीस विद्यार्थ्यांत दाढी नसलेला, झोळी नसलेला आणि कॉलरला घडी असलेला इसम मी एकटाच होतो. दुसरी गोष्ट अशी की, शिकवणारे गृहस्थ चित्रपट दाखवीत असले तरी तो पुढे सरकू देण्याच्या विरुद्ध होते. दोन मिनिटे चित्र चालले की ते हात वर करीत, प्रक्षेपकावरचा मुलगा यंत्र थांबवी, आणि नायिका एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर अशा अवस्थेत, प्राध्यापकांचे निरूपण संपेपर्यंत, पाऊण-पाऊण तास तिष्ठत उभी राही. एकदा मुलाला डुलकी लागली, दिव्याची धग फिल्मवर लागून राहिली, आणि पाहता पाहता त्या बाईच्या गालावर तपकिरी फोड उठून सारा मुखचंद्र पडद्यावर करपून गेला. पुढच्या बाकावरच्या एका दाढीने तत्क्षणी वहीत लिहून घेतले, "स्त्रीत्वाचे दहन, अत्यंत प्रभावी."

पहिल्या दिवशी दहा मिनिटांचा एक तुकडा दाखवून प्राध्यापकांनी विचारले, "काय पाहिलंत?" कोणी म्हणाले एकाकीपण पाहिले, कोणी म्हणाले युरोपचे वैफल्य पाहिले, एका मुलीला मृत्यूची चाहूल दिसली होती. माझी पाळी आली तेव्हा मी उठून, जुन्या सवयीने कोटाची गुंडी लावून, सांगितले, "एक इसम, वय अंदाजे चाळीस, जिन्याने खाली आला. उजव्या हातात छत्री. बाहेर पाऊस नव्हता." वर्ग हसला. प्राध्यापक मात्र हसले नाहीत. पडद्यावर काय आहे हे सांगणारा आज एकच माणूस निघाला, असे ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझ्या अंगी जे अहंकाराचे बीज पडले, त्याची फळे पुढे माझ्या कुटुंबाला चाखावी लागली.

वस्तुतः यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका खडूस मामलेदारसाहेबांनी मला पंचनामा लिहायला शिकवताना सांगितले होते, की जे दिसले ते लिहावे, जे वाटले ते घरी जाऊन बायकोला सांगावे. शेताच्या बांधावर उभे राहून "पीक दुःखी दिसत होते" असे लिहिणारा कारकून आमच्या खात्यात टिकत नाही. आता ही गावठी शिकवण म्हणजे एका थोर कलेची पहिली पायरी आहे, हे मला निवृत्तीनंतर, शुल्क भरून, कळत होते!

कुलेशॉव्ह नामक रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग तर मला सांगण्याची गरजच नव्हती. त्याने म्हणे क्रांतीनंतरच्या काळात मॉझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला, आणि तो एकदा सुपाच्या वाडग्याला, एकदा शवपेटीला आणि एकदा एका स्त्रीच्या चित्राला जोडून दाखवला, तेव्हा प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर भूक, शोक आणि अभिलाषा असे तीन निरनिराळे भाव दिसले. वर्ग थक्क झाला. मी ज्यांच्या हाताखाली सात वर्षे काढली त्या एका साहेबांचा चेहरा असाच होता. बदलीचा हुकूम असो, रजेचा अर्ज असो की मुलीच्या लग्नाची पत्रिका, त्यावरची एक सुरकुती हलत नसे. तरी आम्ही टेबलावर कोणता कागद आहे हे पाहून "आज साहेब विरघळले" किंवा "आज साहेब पेटले" असा निर्वाळा देत असू, आणि त्या निर्वाळ्यावर विसंबून अर्ज पुढे सरकवीत किंवा मागे घेत असू. सारी कचेरी संकलनावर चालली होती. फक्त कुलेशॉव्हचे नाव आमच्यापर्यंत पोचले नव्हते.

मग आला 'बायसिकल थीव्ह्ज'. डी सिकाने १९४८ साली काढलेला हा इटालियन नववास्तववादी चित्रपट कोणत्याही गावी पाहिला तरी थोरच आहे, पण तो समजण्यासाठी माणसाने पुण्याचे असावे, असे माझे नम्र मत आहे. नायक रिची याला भिंतींवर जाहिराती चिकटवण्याची नोकरी मिळाली आहे, तिला सायकल हवी, आणि सायकल गहाण पडली आहे. तेव्हा रिचीची बायको मारिया एक शब्द न बोलता बिछान्यावरच्या चादरी ओढून काढते आणि गहाण टाकायला नेते. सावकारी दुकानाच्या खिडकीतून ते गाठोडे आत जाते, आणि एक नोकर ते घेऊन चादरींच्याच गाठोड्यांनी छतापर्यंत भरलेल्या मांडणीवर चढू लागतो. तो चढतच राहतो. एक कुटुंब किती गरीब आहे हे सांगता सांगता दिग्दर्शकाने सारे रोम शहर किती गरीब आहे हे सांगितले, असे प्राध्यापक म्हणाले. मी त्या वेळी त्या चढणाऱ्या नोकराकडे पाहत होतो, कारण दप्तराच्या फडताळांवर शिडी लावून अशीच गाठोडी ठेवण्यात माझी पहिली चार वर्षे गेली होती, आणि खाली उभ्या असलेल्या पक्षकाराचा चेहरा वरून कसा दिसतो, हे मला ठाऊक होते. त्या सायकलीवर 'फिदेस' हे नाव होते आणि त्याचा अर्थ श्रद्धा, हे कळल्यावर मला उगीचच माझ्या जुन्या सायकलीची आठवण झाली. तशी ती एकट्या मला झाली नसावी. चित्रपट संपला, चर्चेसाठी दिवे लागले, आणि प्राध्यापक बोलण्यास उभे राहतात तो सव्वीसपैकी एकवीस विद्यार्थी, ज्यांनी आपापल्या सायकली बाहेर आंब्याच्या झाडाखाली कुलपाविना लावल्या होत्या, ते दाराकडे धावले. मीही धावलो. माझी सायकल जागेवर होती. तिची घंटा मात्र गेली होती. नववास्तववादाचा कित्ता इतक्या तातडीने गिरवणारा तो रसिक कोण, याचा तपास अद्याप लागलेला नाही.

कुरोसावाचा 'राशोमोन' पाहून वर्ग दोन दिवस सुन्न होता. एका रानात एक खून झाला आहे आणि चार जणांनी त्याच्या चार जबान्या दिल्या आहेत, एकीचा दुसरीशी मेळ नाही. सत्य म्हणून काही असते का, या विचाराने दाढ्यांनी चहा सोडला. मी चहा घेतला. वहिवाटीच्या रस्त्याच्या दाव्यात चार साक्षीदारांनी पाच रस्ते दाखवल्याची प्रकरणे मी स्वहस्ते दफ्तरदाखल केली आहेत. त्यातल्या मयत सामुराईची जबानी एका अंगात आलेल्या बाईच्या मुखातून घेतात, याचे इतरांना फार नवल वाटले. आमच्याकडे मयत इसम मध्यस्थावाचून स्वतः येऊन खरेदीखतावर अंगठा उठवून जात असत. मात्र एक गोष्ट मला मनापासून भिडली. त्या चित्रपटात न्यायाधीश कधीच दिसत नाही. साक्षीदार थेट आपल्याकडे तोंड करून बसतात, न ऐकू आलेल्या प्रश्नांची उत्तरे देतात, म्हणजे न्यायाधीशाच्या जागी आपणच बसलेले असतो. एकतीस वर्षे ज्या खुर्चीच्या डाव्या अंगाला बसून मी जबान्या उतरवून घेतल्या, त्या खुर्चीत मला एका जपानी माणसाने बसवले! आणि बसल्याबरोबर मी ओळखले की लाकूडतोड्या काही तरी दडवतो आहे, कारण सर्वांच्या तोंडी असलेला तो मूल्यवान खंजीर कोठे गेला याचा त्याच्या जबानीत ठाव नव्हता. मुद्देमालाचा उल्लेख टाळणारा साक्षीदार म्हणजे काय, हे मला मायदेशातल्या एका तालुक्याने शिकवले होते.

या यशाने माझा तोल गेला. घरी मी अशक्य झालो. पूर्वी आम्ही उभयता महिन्यातून एकदा सिनेमास जात असू, मध्यंतरात बटाटेवडा खात असू, आणि परतताना खलनायकाला यथेच्छ शिव्या देत असू. आता मी पडद्याकडे बोट दाखवू लागलो. एका हिंदी चित्रपटात सासरेबुवा माडीवरून सुनेवर गरजत होते, तेव्हा मी हळूच म्हणालो, "अगं, कॅमेरा खाली ठेवलाय, म्हणून तो एवढा मोठा दिसतो." त्या म्हणाल्या, "तो सासरा आहे म्हणून मोठा दिसतो." मी त्यांना 'सिटिझन केन' या १९४१ सालच्या चित्रपटाचा दाखला दिला, कॅमेरा पुरेसा खाली नेण्यासाठी ऑर्सन वेल्सने स्टुडिओची जमीन खणली होती हे सांगितले, आणि ती खणण्यास रीतसर परवानगी होती की नाही याविषयी माझी मला शंका आली तीही बोलून दाखवली. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मागे वळून पाहिले. पाच मिनिटांनी पुन्हा पाहिले. नायकाच्या आईने प्राण सोडला तेव्हा मी शॉट मोजत होतो, आणि "एकोणीस" हा आकडा माझ्या तोंडून जरा मोठ्याने गेला. घरी येताना त्या एवढेच म्हणाल्या, "तुमच्याशेजारी बसून सिनेमा बघणं म्हणजे जेवायला बसावं आणि कोणी पानातल्या भाजीच्या फोडी मोजाव्यात." पुढच्या महिन्यापासून त्या शेजारच्या वहिनींबरोबर जाऊ लागल्या.

वर्गाचे शेवटचे चार दिवस 'पथेर पांचाली'ला दिलेले होते. पुण्यात ही परंपराच आहे. प्रभातचा स्टुडिओ होता तेथे १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली, चार वर्षांनी चित्रपटांचा राष्ट्रीय दप्तरखाना आला आणि त्याच्या दप्तरदारीवर पी. के. नायर आले, आणि चित्रपट कसा पाहावा हे शिकवणारे प्रा. सतीश बहादूर, जे मूळचे अर्थशास्त्राचे, त्यांनी सत्यजित राय यांच्या या एका चित्रपटाचा एकेक शॉट सोडवून दाखवून पिढ्याच्या पिढ्या घडवल्या. (दप्तरखान्याविषयी ऐकून मी कृतार्थ झालो, आणि मूकपटांच्या काळातले आपले बहुतेक चित्रपट नष्ट झाले, काहींची फिल्म तर तीतली चांदी काढण्यासाठी विकली गेली, हे ऐकून त्या रात्री जेवलो नाही. जुने कागद उकळून शाई परत काढणाऱ्या कारकुनाची कल्पना करून पाहावी.)

खरे सांगायचे तर 'पथेर पांचाली'वर माझे मन जडले ते एका हिशेबी बाबीमुळे. पैसे संपून चित्रीकरण खोळंबले, तेव्हा पश्चिम बंगाल सरकारने मदत केली. आणि शीर्षकात 'पथ' असल्यामुळे ती रक्कम रस्तेसुधारणेच्या सदराखाली खर्ची पडली, असे सांगतात. हे ऐकून मी खुर्चीत ताठ बसलो. चित्रपटासाठी अंदाजपत्रकात सदर नसताना, एकही नियम न मोडता, ज्या अज्ञात बंगाली कारकुनाने ती मखलाशी केली असेल, त्याला मी मनोमन साष्टांग नमस्कार घातला. दुर्गा आणि अपू ही भावंडे आगगाडी पाहायला धावतात त्या पांढऱ्या तुऱ्यांच्या काशवनाचीही अशीच हकीकत आहे: एक दिवस चित्रीकरण झाले, पुन्हा मंडळी गेली तो गुरांनी सारे तुरे खाऊन टाकलेले, आणि दुसऱ्या वर्षीचा मोसम येईपर्यंत थांबावे लागले. आमच्या तालुक्यात ती गुरे कोंडवाड्यात गेली असती आणि चित्रपट पुरा व्हायला त्याहूनही उशीर झाला असता.

मिठाईवाल्याच्या मागे दुर्गा, तिच्यामागे अपू आणि सर्वांमागे एक कुत्रा अशी जी मिरवणूक निघते, आणि तळ्यात तिचे उलटे प्रतिबिंब पडते, त्या दृश्यावर आमचा एक सबंध दिवस गेला. लय, ओघ, बाल्याची निरागसता वगैरे विषय झाल्यावर प्राध्यापकांनी सांगितले की कुत्रा काही केल्या मागे येईना, तेव्हा दुर्गेच्या पाठीमागे धरलेल्या हातात संदेश नावाची मिठाई ठेवली होती. वर्ग खट्टू झाला. मला मात्र त्या मिरवणुकीत आपल्या कामाचा मोबदला उचलणारा एक तरी होता, याचे समाधान वाटले.

परीक्षेत शेवटच्या भागातील एका दृश्याचे रसग्रहण करावयाचे होते. इतरांनी आठ-आठ पाने भरली. मला रसग्रहण येत नव्हते, सबब मी जे येत होते ते लिहिले. "मौजे निश्चिंदीपूर येथील हरिहर राय यांचे राहते घर, पावसाने पडझड झालेले. सदर इसम कुटुंबासह गाव सोडण्याच्या तयारीत. मुलगा नामे अपू याने फळीवरील सामान काढले असता मण्यांची माळ मिळून आली. सदर माळ चोरल्याचा आळ मयत बहीण नामे दुर्गा हिजवर आला होता, व तो तिने हयातीत नाकबूल केला होता. मुलाने माळ नेऊन तळ्यात टाकली. पाण्यावरील शेवाळ फाटले व हळूहळू पुन्हा मिळाले. मुद्देमाल हस्तगत नाही. साक्षीदार कोणी नाही." शेवटचे वाक्य लिहिताना अक्षर जरा बिघडले, ते चष्म्यामुळे असावे.

कागद परत आला तेव्हा त्यावर गुण नव्हते. "साक्षीदार कोणी नाही" या शब्दांखाली तांबडी रेघ होती आणि समासात शेरा होता: "चूक. अंधारात बसलेले आपण कोण?"

समारोपाच्या रविवारी सकाळी सारा चित्रपट, न थांबवता, सहकुटुंब दाखवायचा होता. सौभाग्यवती एका अटीवर आल्या: मी तोंड उघडायचे नाही. मी ती अट अक्षरशः पाळली. कुत्रा आला, मी गप्प. आगगाडी आली, मी गप्प. हरिहर परगावाहून दुर्गेसाठी साडी घेऊन येतो, आणि ती दुर्गेची आई सर्वजया हिच्या हाती पडताच तिचा हंबरडा फुटतो, पण ऐकू येते ते फक्त तारशहनाई, तेव्हा शेजारून पदराची हालचाल जाणवली. पण मी मान वळवली नाही. माळ तळ्यात गेली. शेवाळ मिळाले.

बाहेर आल्यावर आम्ही बसथांब्यापर्यंत काही न बोलता चाललो. बस यायला अवकाश होता. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "त्या पोरानं माळ पाण्यात टाकली, ते त्याच्या आईला पुढं कधी कळलं का हो?"

मी आठवून पाहिले. "नाही. म्हणजे, तशी नोंद कुठे नाही."

"मग तुम्हीही कुठे बोलू नका," त्या म्हणाल्या.